अ‍ॅबटच्या रेडिओवरची गाणी

विली नेल्सनचा ‘कंट्री म्युझिक’ हा अल्बम २० एप्रिल २०१० रोजी आला, तेव्हा त्याला सत्त्याहत्तर पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते. पंधरा गाणी. जवळजवळ सगळी दुसऱ्यांची, आणि बरीचशी त्याच्या शाळकरी किंवा ऐन तारुण्याच्या काळातली. कोळशाच्या खाणीचं एक, मालगाडीचं एक, दूर समुद्रावर गेलेल्या खलाशाचं एक, देवाला हाक मारणारी काही, आणि उरलेली प्रेमात पोळलेल्या माणसांची. साथीला फिडल, मॅन्डोलिन, बँजो, उभा बास, पेडल स्टील आणि १९७३पासून विलीच्या सोबत असलेल्या मिकी राफाएलचा हार्मोनिका. व्हायोलिनांचा ताफा नाही, मागून सूर धरणारा मोठा कोरस नाही.

बुजुर्ग गायकानं जुनी गाणी गायली की आपण ऐकणारे लगेच हळवे होतो. गेलेले दिवस, गेलेली माणसं, सगळं त्या सुरांवर तरंगत येतं. हा अल्बम मीही तसाच ऐकतो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण जितक्यांदा ऐकावा तितकं एक लक्षात येत जातं, की हळवे होतो ते आपण. विलीच्या आवाजात तो हळवेपणा औषधालाही सापडत नाही. काल संध्याकाळी कुणी शिकवलं आणि आज म्हणून बघतोय, इतक्या सहजपणे तो ऐंशी वर्षांपूर्वीचं गाणं म्हणतो. ही गाणी त्याच्यापुरती कधी जुनी झालीच नाहीत. ती नवी होती तेव्हाच त्याची आणि त्यांची गाठ पडली होती.

ती गाठ पडली टेक्ससमधल्या अ‍ॅबट या खेड्यात. डॅलस आणि वेको या दोन शहरांच्या मधलं हे गाव. विली १९३३च्या एप्रिल अखेरीस जन्मला, महामंदीच्या ऐन तडाख्यात. आईवडील लवकरच आपापल्या वाटेनं गेले आणि तो व त्याची दोन वर्षांनी मोठी बहीण बॉबी आजी-आजोबांच्या पदरात पडली. आजोबा लोहार. आजी-आजोबा दोघांनी टपालानं मागवलेल्या धड्यांवरून संगीत शिकून घेतलं होतं. रात्री कंदिलाच्या उजेडात बसून ते अभ्यास करत, आणि जे शिकत ते नातवंडांना देत. विली सहा वर्षांचा असताना आजोबांनी त्याच्या हातात गिटार दिली. थोड्याच दिवसांत आजोबा गेले. मग आजीनं घर चालवलं, आणि मुलं तिच्याबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली.

त्या कापसाच्या शेतात विलीनं काय काय ऐकलं हे त्यानं पुढे अनेकदा सांगितलं आहे. एका सरीत काळे मजूर, दुसरीत मेक्सिकन, प्रत्येकाची गाणी वेगळी. जवळपास झेक शेतकऱ्यांची वस्ती, त्यांच्या पोल्का नाचांच्या बैठकी. दहा वर्षांच्या आसपासचा विली तिथल्या एका कौटुंबिक वाद्यवृंदात गिटार वाजवून पैसे मिळवू लागला. रविवारी मेथडिस्ट चर्चमधली भजनं. आणि शनिवारी रात्री नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरून येणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’. पन्नास हजार वॉटचं ते प्रक्षेपण रात्रीच्या हवेत शेकडो मैल जायचं. खेड्यातल्या त्या पोरासाठी सगळं जग त्या पेटीत होतं.

विली जन्मला त्यानंतर महिनाभराच्या आतच, २६ मे १९३३ला, जिमी रॉजर्स न्यूयॉर्कमध्ये क्षयानं गेला. वय अवघं पस्तीस. कंट्री संगीताचा पहिला मोठा तारा तो. म्हणजे पहिली पिढी संपायला आणि विली पाळण्यात यायला एकच वसंत ऋतू. ज्या ध्वनिमुद्रणांनी ही पिढी उजेडात आणली ती झाली १९२७च्या जुलै-ऑगस्टमध्ये, टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात. व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीर यंत्रं घेऊन तिथे आला, टोप्यांच्या एका जुन्या इमारतीत त्यानं तळ ठोकला आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांना बोलावणं धाडलं. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स, दोघंही त्याला त्याच काही दिवसांत सापडले. व्हिक्टरच्या तबकड्यांवर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला तोच कुत्रा होता, जो आपल्याकडे एचएमव्हीच्या तबकड्यांवर घराघरांत पोहोचला. एकाच चित्राखाली आपल्या आजोबांनी बालगंधर्व ऐकले आणि टेक्ससमधल्या कुणाच्या आजोबांनी जिमी रॉजर्स, हे आठवलं की ते लोक मला एकदम जवळचे वाटू लागतात.

गंमत अशी, की तेव्हाही लोक ‘तेव्हा’चीच आठवण काढत होते. २८ नोव्हेंबर १९२५ला डब्ल्यूएसएमवर ज्या कार्यक्रमातून पुढे ऑप्री उभा राहिला, त्यात पहिल्या रात्री वाजवायला बसले ते अंकल जिमी थॉम्पसन. वय सत्त्याहत्तर! यादवी युद्धाच्या आधी जन्मलेले हे गृहस्थ. त्यांच्या फिडलवर ज्या चाली होत्या त्या आजोबा-पणजोबांच्या काळच्या, आणि गावं सोडून शहरांत, गिरण्यांत, कारखान्यांत आलेली माणसं त्या ऐकायला रेडिओपाशी गोळा झाली. कंट्री संगीताचा धंदा पहिल्या दिवसापासून मागे वळून बघण्यावर उभा राहिला. सोडून आलेलं घर, आईची खुर्ची, ओसरी, गावचं चर्च. ही ओढ खरी होती, कारण ती ऐकणारी माणसं खरोखरच घर सोडून आलेली होती.

म्हणूनच या अल्बममधल्या एका गाण्याची कथा मला फार महत्त्वाची वाटते. ‘डार्क अ‍ॅज अ डंजन’ हे खाणकामगाराचं गाणं ऐकताना ते शे-दीडशे वर्षं लोकांच्या तोंडी असावं असंच वाटतं. ते लिहिलं मर्ल ट्रॅव्हिसनं, १९४६मध्ये. कॅपिटल कंपनीला लोकगीतांचा एक संच काढायचा होता. ट्रॅव्हिस केंटकीतल्या म्युलेनबर्ग काउंटीचा, बाप खाणीत काम करणारा. जुनी गाणी पुरेशी हाताशी नव्हती, तेव्हा त्यानं ती नव्यानं रचली. ‘सिक्स्टीन टन्स’ त्याच संचातलं, आणि ‘आय अ‍ॅम अ पिलग्रिम’ हे त्यानं आपल्या पद्धतीनं बसवलेलं जुनं भक्तिगीतही त्यातलंच. यातली दोन विलीनं घेतली आहेत. मागणीवरून रचलेलं गाणं पारंपरिक ठरलं, कारण त्याच्या शब्दांमागची खाण खरी होती. बाप रात्री कोणत्या रंगाचा होऊन घरी येतो हे त्या माणसानं पाहिलं होतं.

त्या म्युलेनबर्गचं पुढे काय झालं तेही गाण्यातच नोंदलं गेलं. १९७१मध्ये जॉन प्राइननं ‘पॅरडाइस’ हे गाणं केलं, ते त्याच काउंटीतल्या, त्याच्या आईवडिलांच्या गावाबद्दल. ट्रॅव्हिसच्या वेळी माणसं जमिनीखाली उतरत होती. प्राइनच्या वेळेपर्यंत अजस्र यंत्रं वरूनच डोंगर सोलून कोळसा काढू लागली आणि गावच उरलं नाही. विली २०१०मध्ये ‘डार्क अ‍ॅज अ डंजन’ म्हणतो तेव्हा हे सगळं घडून गेलेलं आहे. तरी त्याच्या आवाजात तरुण पोरांना दिलेला तो इशारा शिळा वाटत नाही. पोटासाठी अंगावर घेतलेलं काम हळूहळू माणसालाच खाऊन टाकतं आणि वर त्याची चटक लागते, हे ज्यांनी खाण कधी पाहिली नाही त्यांनाही कळतं.

आता ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’ घ्या. हे गाणं डिसेंबर १९२७मध्ये डॅलस इथे ब्लाइंड विली जॉन्सननं कोलंबिया कंपनीसाठी गायलं. ब्रिस्टलनंतर जेमतेम चार महिन्यांनी, आणि अ‍ॅबटपासून काही तासांच्या अंतरावर. जॉन्सन काळा, आंधळा, रस्त्यावर उभा राहून देवाची गाणी म्हणणारा. घोगऱ्या, जमिनीतून आल्यासारख्या आवाजाचा माणूस. घशातली ती खरखर आणि गिटारच्या तारेवर सरकत जाणारा तो सूर एकदा ऐकला की विसरता येत नाही. पण तेव्हाच्या कंपन्यांनी बाजार दोन भागांत वाटून टाकला होता. गोऱ्या डोंगरवासीयांच्या तबकड्या एका यादीत, काळ्यांच्या दुसऱ्या. गाणी मात्र या भिंती मानत नव्हती. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत फिरायचा तेव्हा त्याच्या बरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असे. चाली लक्षात ठेवायचं काम रिडलचं. नाव मात्र तबकडीवर कार्टरांचं. जॉन्सन १९४५मध्ये बोमाँट गावात गेला, घर जळाल्यावर त्याच जळक्या भिंतींच्या आत दिवस काढता काढता. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात धाडली तिच्यावर त्याचं एक गाणं आहे.

विलीच्या अल्बमवर जॉन्सनचं हे गाणं अर्नेस्ट टब आणि हँक विल्यम्स या गोऱ्या गायकांच्या गाण्यांबरोबर नांदतं. वरून ‘कंट्री म्युझिक’ असं ठसठशीत नाव. कापसाच्या सऱ्यांमध्ये ज्यानं सगळ्यांची गाणी एकदमच ऐकली, त्याला ही वाटणी कधीच पटली नसणार. या अल्बमच्या निवडीत मला सर्वांत जास्त भावलेली गोष्ट हीच.

मालगाडीचं गाणं, ‘फ्रेट ट्रेन बूगी’, अलाबामाच्या डेलमोर बंधूंचं, १९४६चं. मर्ल ट्रॅव्हिस आणि हे बंधू एके काळी सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्रावर एकत्र भक्तिगीतं म्हणत. ‘पिस्टल पॅकिन मामा’ हे अल डेक्स्टरचं. डेक्स्टर टेक्ससचाच, दारूच्या गुत्त्याचा अनुभव असलेला. युद्धाच्या काळात, १९४३मध्ये या गाण्यानं ज्यूकबॉक्स दणाणून सोडले. ‘बिलबोर्ड’नं जानेवारी १९४४मध्ये ज्यूकबॉक्सवरच्या असल्या गाण्यांची पहिली यादी छापली, तिच्यात पहिल्या क्रमांकावर हेच गाणं होतं, पण बिंग क्रॉस्बी आणि अँड्र्यूज भगिनींच्या आवाजात. विली तेव्हा दहा वर्षांचा. हे एक गाणं मात्र या अल्बममध्ये मला तितकंसं रुचत नाही. त्याला गुत्त्याचा गलका लागतो, बाटल्यांचा खणखणाट लागतो. इथली साथ इतकी नीटनेटकी आहे की त्या मामाच्या हातातलं पिस्तूल खेळण्यातलं वाटतं.

‘हाउस ऑफ गोल्ड’ हँकचं. हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३च्या पहाटे, ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर मरण पावला. वय एकोणतीस. हे गाणं त्यानं नुसत्या गिटारवर करून ठेवलं होतं, ते तो गेल्यावर बाजारात आलं. सोन्याच्या घरापेक्षा जिवाची काळजी असलेली बरी, असा सरळ आशय. एकोणतिसाव्या वर्षी जाणाऱ्या पोरानं ते म्हणावं आणि मग शहात्तरीच्या म्हाताऱ्यानं म्हणावं, दोन्हींत फरक पडतोच. हँकच्या सुरात भीती आहे. विलीच्या सुरात हिशेब मिटवून बसलेल्या माणसाची स्वस्थता.

या दोघांच्या मधल्या काळात काय झालं ते सांगितल्याशिवाय विलीचं हे मोकळं, बिनसजावटीचं गाणं कळणार नाही. १९६०मध्ये तो नॅशव्हिलला आला. त्याची ‘क्रेझी’ आणि ‘हॅलो वॉल्स’ १९६१मध्ये गाजली, पण पॅट्सी क्लाइनच्या आणि फॅरन यंगच्या गळ्यातून. तो स्वतः रे प्राइसच्या वाद्यवृंदात बास वाजवत होता. नॅशव्हिलमध्ये तेव्हा चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी एक नवा घाट पक्का केला होता. फिडल आणि बँजो मागे सारायचे, पुढे गुळगुळीत व्हायोलिनं, पियानो, मृदू कोरस. शहरातल्या लोकांनाही ऐकवेल असं कंट्री.

आपण ज्याला कंट्री म्हणून ओळखलं ते नेमकं हेच. मुंबईत वांद्र्याला, गिरगावात, गोव्यातल्या घराघरांत जिम रीव्ह्ज ऐकला जायचा. नाताळ जवळ आला की आजही त्याचा तो मखमली आवाज एखाद्या खिडकीतून येतो. माझ्या पिढीच्या कित्येकांनी इंग्रजी गाण्यातलं पहिलं कडवं पाठ केलं ते रीव्ह्जचं. शब्द स्वच्छ, लय संथ, सगळं कळायचं. रीव्ह्जसुद्धा टेक्ससचाच, आरसीए कंपनीचा, अ‍ॅटकिन्सच्याच हाताखाली घडलेला. १९६४च्या जुलै अखेरीस तो विमान अपघातात गेला. त्याच वर्षाच्या शेवटी आरसीएनं विलीशी करार केला, आणि विलीच्या गाण्यांवरही तोच साज चढवला गेला. रीव्ह्जला तो शोभला. विलीला शोभला नाही. त्याची गाण्याची पद्धतच वेगळी होती. ठेका पुढे निघून जायचा, हा मागे रेंगाळायचा, मध्येच दोन शब्द घाईनं टाकून पुन्हा लय पकडायचा. व्हायोलिनांना ती मोकळीक झेपत नव्हती. रीव्ह्जवर माझं प्रेम आहे आणि राहील. पण ब्रिस्टलपासून वाहत आलेला तो दुसरा प्रवाह आपल्यापर्यंत बराच उशिरा आणि बराच थोडा पोहोचला, याची हळहळ वाटते.

१९७०च्या डिसेंबरमध्ये नॅशव्हिलजवळचं विलीचं घर जळालं. धावत आत शिरून त्यानं आपली ‘ट्रिगर’ ही गिटार बाहेर काढली. मार्टिन कंपनीची ती नायलॉन तारांची गिटार आजही त्याच्या हातात आहे, आणि बोटांनी झिजून झिजून तिच्या लाकडाला भगदाड पडलं आहे. मग तो टेक्ससला परतला. १९७५मध्ये तिथल्याच गार्लंड गावातल्या एका स्टुडिओत, थोडक्या खर्चात, त्यानं ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ केला. त्याच्या नव्या कंपनीच्या मंडळींना वाटलं हे कच्चं काम आहे, साज अजून चढायचा आहे. करारानं निर्णयाचा हक्क विलीकडे होता म्हणून तो तसाच बाहेर आला. त्यातल्या ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’नं त्याला गायक म्हणून पहिल्यांदा पहिल्या क्रमांकावर नेलं. ते गाणं त्याचं नव्हतं. फ्रेड रोझनं लिहिलेलं, रॉय अकफनं १९४७मध्ये गायलेलं. उत्तम गीतकार म्हणून ज्याची ख्याती, त्याला आपला गळा सापडला तो दुसऱ्याच्या जुन्या गाण्यात. १९७८च्या ‘स्टारडस्ट’मध्येही तेच. त्याच्या लहानपणीची लोकप्रिय गाणी, आणि तो अल्बम सुमारे दहा वर्षं कंट्रीच्या यादीत ठाण मांडून होता.

म्हणून २०१०चा अल्बम हा उतारवयातला विरंगुळा नाही. ती त्याची नेहमीची वाट आहे. निर्माता टी बोन बर्नेट. फोर्ट वर्थमध्ये वाढलेला, म्हणजे टेक्ससच्याच मातीतला. २०००च्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ’ या चित्रपटासाठी त्यानं डोंगरी गाणी गोळा केली, तेव्हा त्या संचानं ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळवून भल्याभल्यांना चकित केलं होतं. त्यानं विलीभोवती बडी मिलर, स्टुअर्ट डंकन, रॉनी मकूरी, रायली बॉगस अशी जाणती माणसं बसवली. कुणी पुढे पुढे करत नाही. फिडल दोन ओळी बोलतं आणि बाजूला होतं. लूव्हिन बंधूंचं ‘माय बेबीज गॉन’ मुळात दोन भावांच्या एकमेकांत गुंतलेल्या आवाजांवर उभं. विली ते आपल्या थकल्या, किंचित नाकातल्या आवाजात घेतो आणि ते वेगळंच गाणं होऊन बसतं. तिथे भांडण होतं, इथे रिकामं घर आहे.

‘मॅन विथ द ब्लूज’ हे यातलं त्याचं स्वतःचं गाणं. १९५९मध्ये त्यानं ते टेक्ससच्या छोट्याशा डी रेकॉर्ड्ससाठी केलं होतं. दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकली की मधली एकावन्न वर्षं स्पष्ट दिसतात. सव्विसाव्या वर्षी तो आपलं दुःख लोकांना विकायला बाहेर पडलाय, घाईत आहे, ठेक्याला घट्ट धरून आहे, कुणी तरी ऐकावं म्हणून धडपडतोय. सत्त्याहत्तरीच्या उंबऱ्यावर तेच शब्द म्हणताना त्याला कुणाला काही पटवायचं उरलेलं नाही. ठेका पुढे जातो, तो जाऊ देतो. बड्या मंडळींच्या गाण्यांत आपलं गाणं ठेवताना त्याचा हात अडखळला नाही, आणि ते गाणं तिथे परकंही वाटत नाही.

इतरांनीही हा मार्ग धरला आहे. मर्ल हॅगर्डनं १९६९मध्ये जिमी रॉजर्सच्या गाण्यांचा अल्बम केला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, आणि त्यात शिष्याचा अदब आहे. जॉनी कॅशनं १९७३मध्ये मुलगी रोझॅनला शंभर आवश्यक गाण्यांची यादी लिहून दिली, तिनं त्यातली निवडक २००९मध्ये ‘द लिस्ट’ म्हणून गायली. तिथे गाणी वारसा म्हणून येतात. विलीच्या अल्बममध्ये अदबही नाही आणि वारशाचा भारही नाही. २००६मध्ये त्यानं सिंडी वॉकर या टेक्ससच्या गीतकर्तीच्या गाण्यांचा अल्बम केला, तो १४ मार्चला आला आणि नऊच दिवसांनी ती गेली. २००७मध्ये रे प्राइस आणि मर्ल हॅगर्ड यांच्याबरोबर ‘लास्ट ऑफ द ब्रीड’ केला. अशी ही वर्षं. माणसं असेपर्यंत गाऊन घ्यावं, अशी घाई त्याला असावी असं मला वाटतं. गाण्यात ती जाणवत नाही, एकामागून एक येणाऱ्या अल्बमच्या तारखांत जाणवते.

‘कंट्री म्युझिक’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं ते कंट्रीच्या विभागात नाही, ‘अमेरिकाना’च्या. त्या वर्षी तो मान मेव्हिस स्टेपल्सला गेला आणि योग्य गेला. पण ज्या गाण्यांतून कंट्री जन्मलं त्यांना आता कंट्रीच्या घरात जागा नाही, ही गोष्ट मला बोचते. रेडिओवर आज जे कंट्री वाजतं त्यात ड्रम्स आणि पॉपचा झगमगाट भरपूर असतो. त्यातही चांगली गाणी होतात, नाही असं नाही. पण फिडल ऐकू यायला थांबावं लागतं. ऑप्रीनं १९७४मध्ये राइमन सभागृह सोडून शहराबाहेर नवी इमारत गाठली. अर्नेस्ट टबनं १९४७मध्ये सुरू केलेलं रेकॉर्डचं दुकान, ज्यातून शनिवारी मध्यरात्री ऑप्रीनंतरचा कार्यक्रम प्रक्षेपित व्हायचा, २०२२मध्ये बंद झालं. दुसऱ्या टोकाला अ‍ॅबटमध्ये मात्र ते मेथडिस्ट चर्च बंद पडायच्या बेतात असताना २००६मध्ये विली आणि बॉबीनं ते विकत घेतलं.

नंतरच्या वर्षांत एकेक जण गेला. रे प्राइस २०१३च्या डिसेंबरात. हॅगर्ड ६ एप्रिल २०१६ला, आपल्या एकोणऐंशीव्या वाढदिवशी. गायिका लोरेटा लिन २०२२मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये बॉबी, जिनं जन्मभर पियानोवर भावाला साथ केली, आणि अ‍ॅबटचा तो रेडिओ जिनं त्याच्याच शेजारी बसून ऐकला. विलीनं नव्वदी ओलांडली, हॉलिवूड बोलमध्ये २०२३च्या एप्रिलमध्ये दोन रात्री त्याचा वाढदिवस साजरा झाला, आणि तो गातोच आहे.

त्याचे धाकटे दोघे मुलगे, लुकास आणि मायका, १९८८ आणि १९९०चे. त्यांना ही गाणी ना शनिवारच्या रेडिओवर मिळाली ना कापसाच्या शेतात. घरात, बसमध्ये, बापाच्या तोंडून मिळाली. २०१७मध्ये ‘विली अँड द बॉइज’ हा अल्बम आला, तिघांनी मिळून गायलेली जुनी कंट्री गाणी, त्यांत हँक विल्यम्सचीच बरीच. ‘कंट्री म्युझिक’पेक्षा हा साधा, बैठकीतला. गाणी एकमेकांकडे सोपवावीत तशी कडवी वाटून घेतलेली. लुकासचा आवाज नाकातून येणारा, पातळ, ठेक्यामागे रेंगाळणारा, इतका बापाच्या वळणाचा की ओळ सुरू झाली की ती कुणाची हे कळायला मला दर वेळी चार शब्द थांबावं लागतं.